कोरलच्या औषधाच्या नावाखाली खायचा सोडा विकतायत, खान्देशातल्या टाकीवाल्यांनो सावध राहा

जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार, आपल्याकडे खाऱ्या पाण्याची टाकी, म्हणजे घरात कोरल (प्रवाळ) पाळायचं अ‍ॅक्वेरियम, ठेवणारे मोजकेच लोक आहेत, आणि ज्याने मला फसवलं तो अशीच गावं शोधतो जिथे जवळपास विचारायला कुणी नाही आणि टाकीचं साधं मीठसुद्धा मुंबई-पुण्याहून मागवावं लागतं. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

माझी टाकी २०० लिटरची, सगळे सॉफ्ट कोरल, म्हणजे दगडी सांगाडा नसलेले मऊ अंगाचे, एक मोठं छत्रीसारखं टोडस्टूल लेदर, बाकी झोआ आणि मशरूम जातीचे. मे महिन्यात जळगावचं ऊन माहितीच आहे, त्यात लाइट जाते-येते, पाणी भराभर उडतं आणि मीठ मागे राहतं, तर अशा दिवसांत लेदर एकदम मिटलं. टोपी मेणचट, चकचकीत, एकही पॉलिप (टोपीवरचं बारीक फुलासारखं तोंड) बाहेर नाही आणि कडेने पातळ पापुद्रा सुटत होता. ज्याच्याकडून आधी ऑनलाइन झोआ घेतले होते त्याला फोटो पाठवला, तो स्वतःला कोरल डॉक्टर म्हणवतो. लगेच त्याचा फोन आला. "दादा, हा टिश्यू लॉस आहे, अंग गळून पडतं, फ्लोरिडावाला रोग, पाण्यातून पसरतो, उद्यापर्यंत टाकी साफ होईल. माझ्याकडे अमेरिकेची अँटिबायोटिक पावडर आहे, शेवटची दोन पाकिटं उरली बघा." पाण्याचं तापमान किती, खारटपणा किती, अल्कॅलिनिटी (पाण्याची आम्ल झेलण्याची ताकद) किती, यातलं एक अक्षर विचारलं नाही. साडेतीन हजार यूपीआयने घेतले आणि दोन्ही पाकिटांचं पार्सल पाठवलं. निळं लेबल, वर फक्त "कोरल रेस्क्यू", कंपनी नाही, तारीख नाही, आत काय आहे तेही लिहिलेलं नाही.

सोबत सूचना अशी की अख्खं पाकीट एकदम टाका, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) बंद करा, कार्बन (पाणी साफ करणारा कोळसा) काढा, वेव्हमेकर (पाणी फिरवणारा पंप) अगदी हळू ठेवा, लाइट बंद. दुसऱ्या दिवशी हीटरवर आणि पंपावर पांढरा थर, झोआ घट्ट मिटलेले, त्यानंतर ते एकेक करून वितळायला लागले, आणि लेदरच्या टोपीवर जिथे पापुद्रा चिकटून बसला होता तिथेच काळा डाग पडला. त्याला कळवलं तर म्हणे, "रोग बाहेर पडतोय, आता स्टेज टू घ्या, चार हजार."

तेव्हा मी अल्कॅलिनिटी तपासली, या टेस्टमध्ये रंग बदलेपर्यंत किती थेंब लागतात ते मोजतात. पावडर टाकायच्या आधी ८ डीकेएच (अल्कॅलिनिटी मोजायचं एकक) होती, आता १३. मग दुसऱ्या पाकिटातली चिमूटभर पावडर एक ग्लास आरओच्या (फिल्टर करून क्षार काढलेल्या) पाण्यात टाकून तीच टेस्ट केली. नुसत्या आरओच्या पाण्याचा रंग पहिल्या-दुसऱ्या थेंबातच बदलतो कारण त्यात अल्कॅलिनिटी जवळजवळ नसतेच, इथे थेंबावर थेंब टाकतोय आणि रंग हलायला तयार नाही. वाटीत थोडी घेऊन वर व्हिनेगर ओतलं तर भस्सकन फेस आला. १ डीकेएच वाढवायला लिटरमागे साधारण ३० मिलिग्रॅम खायचा सोडा लागतो, म्हणजे २०० लिटरला ६ ग्रॅम, पाकीट ३० ग्रॅमचं, वाढ ५ ची, हिशोब बरोबर जुळला. किराणा दुकानात काही रुपयांत मिळणारी वस्तू साडेतीन हजाराला, आणि वर त्यानेच माझे कोरल मारले.

आता त्या फ्लोरिडावाल्या रोगाचं सांगतो, कारण घाबरवायला तेच नाव वापरतात. स्टोनी कोरल टिश्यू लॉस डिसीज हा रोग खरा आहे, २०१४ मध्ये मायामीजवळ पहिल्यांदा दिसला आणि तिथून कॅरिबियन समुद्रात पसरला, वीसपेक्षा जास्त जातींचे दगडी कोरल त्याने मारले, फार वाईट रोग आहे. पण तो दगडी सांगाड्याच्या कोरलचा रोग आहे, नावातच स्टोनी आहे, माझ्या लेदरला तसला सांगाडाच नाही. शिवाय तिथेसुद्धा डायव्हर पाण्याखाली जाऊन अमॉक्सिसिलिनची घट्ट पेस्ट हाताने जखमेच्या कडेला दाबतात, पाण्यात पाकीट ओतत नाहीत.

माझ्या लेदरला झालं होतं काय तर ते कात टाकत होतं! लेदर कोरल अधूनमधून असा मेणचट पापुद्रा टाकतंच, काही दिवस मिटून राहतं, कधी आठवडाभर किंवा त्याहून जास्त. त्या वेळी प्रवाह चांगला पाहिजे म्हणजे पापुद्रा निघून जातो. पिचकारीने हलकं पाणी मारून बघा, खालचं अंग घट्ट आणि ताजं दिसलं तर काळजी नाही. अंग मऊ पडलं, काळपट झालं, खड्डा पडला, कुजका वास आला, तर ती खरी सड. त्या माणसाने प्रवाह बंद करायला लावला म्हणून पापुद्रा तिथेच राहिला आणि खाली सड धरली, याचा राग मला पैशांपेक्षा जास्त आहे.

सडलेला भाग मी नवीन ब्लेडने कापला, चांगलं अंग लागेपर्यंत, टाकीबाहेर वेगळ्या भांड्यात, मग आयोडीनच्या फिकट चहाच्या रंगाच्या पाण्यात दहाएक मिनिटं बुडवून परत चांगल्या प्रवाहात ठेवलं. कार्बन चालू केला आणि अल्कॅलिनिटी थोडं थोडं पाणी बदलून हळूहळू खाली आणली, एकदम नाही, कारण उलट्या बाजूचा झटकासुद्धा मारतो. वितळलेले झोआ काढताना ग्लोव्ह्ज आणि चष्मा घालाच, त्यांच्यात पॅलिटॉक्सिन असू शकतं, ते माणसाला घातक आहे, आणि झोआ लागलेला दगड कधीही उकळू नका. लेदरची अर्धी टोपी वाचली, पॉलिप परत येतायत. झोआ जवळजवळ सगळे गेले.

पैसे परत मागितल्यावर त्याने दोन गोष्टी केल्या. आधी म्हणाला पैसे राहू द्या, बदल्यात अ‍ॅक्रोपोरा (एक दगडी कोरल) पाठवतो. मी नाही म्हटल्यावर धमकी, "तक्रार करा, वनखातं आधी तुमच्याच घरी येईल." दगडी कोरल, काळं कोरल, ऑर्गन पाइप, फायर कोरल, सी फॅन, हे सगळे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत. माझ्या टाकीत यातलं काहीच नाही. पण त्याने पाठवलेला अ‍ॅक्रोपोरा घेतला असता तर खरोखर असतं, आणि मग तोंड उघडता आलं नसतं. भरपाई म्हणून असलं काही देत असेल तर अजिबात घेऊ नका भो.

मी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन १९३० वर तक्रार नोंदवली, ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही कळवलं, यूपीआयची पावती, चॅट, कुरिअरची चिठ्ठी सगळं जोडलं. अजून निकाल नाही. तुमच्याकडे असंच निळ्या लेबलचं पाकीट आलं असेल तर टाकीत टाकू नका आणि फेकूनही देऊ नका, चिमूटभर पावडरवर व्हिनेगर टाकून त्याचा व्हिडिओ काढा, लेबलचा फोटो ठेवा आणि तुम्हीही १९३० वर तक्रार करा, एकट्या माझ्यापेक्षा चारजणांच्या तक्रारींना जास्त वजन येईल.