समुपदेशकांच्या परवाना परीक्षेची उजळणी: सिद्धांत क्रमाने वाचावेत, जोडीने की केसवरून?

समुपदेशनाच्या सिद्धांतांची उजळणी करायला बसलं की बहुतेक जण फ्रॉइडपासून सुरुवात करतात. इड, इगो, सुपरइगो (मनाचे तीन भाग), ट्रान्सफरन्स (जुन्या नात्यांतल्या भावना समुपदेशकावर लादणं) पुन्हा एकदा घोटून होतं, ॲडलर आणि युंग अर्धेमुर्धे होतात आणि कुटुंबोपचारापर्यंत पोहोचेस्तोवर परीक्षा दारात आलेली असते. यापेक्षा वेगळे दोन रस्ते आहेत: एकसारखे वाटणारे सिद्धांत जोडीने वाचणं, किंवा केस, म्हणजे एखाद्या क्लायंटची हकीकत, पुढ्यात घेऊन तिथून सिद्धांताकडे जाणं. कोणता धरायचा, हे पदवीच्या वेळचं किती डोक्यात टिकलंय आणि परीक्षा कशा स्वरूपाची आहे यावर ठरतं.

क्रमाने वाचणं कुणासाठी? शिक्षण संपून बरीच वर्षं झालेल्यांसाठी. प्रत्येक सिद्धांताला एक पान द्यावं: माणूस अडचणीत का येतो, समुपदेशक नेमकं काय करतो, बदल कशाने होतो, ठरलेली तंत्रं कोणती. एवढं पुरे. हे पान वाचताना सगळं स्वच्छ समजल्यासारखं वाटतं, आणि तिथेच फसगत होते. परीक्षेत त्याच्या शेजारी तीन जवळजवळ बरोबर पर्याय उभे असतात.

म्हणून माझं मत जोड्यांच्या बाजूने आहे. विचारांवर काम करणाऱ्या उपचारपद्धतींचे दोन प्रवर्तक, एलिस आणि बेक घ्या. दोघंही मनोविश्लेषणाच्या परंपरेतून बाहेर पडलेले, दोघंही म्हणतात की विचार बदलला की भावना बदलते. सुटा वाचला तर एकाचं उत्तर दुसऱ्याला सहज चिकटतं. शेजारी ठेवलं की फरक दिसतो. ‘सगळे माझ्यावर हसतील’ असं क्लायंट म्हणाला, तर बेकच्या पद्धतीचा समुपदेशक विचारेल, याला पुरावा काय, आपण मिळून तपासून बघू या का? एलिसच्या वाटेचा म्हणेल, समजा हसले, तर त्यात इतकं भयंकर काय आहे, आणि कुणी हसताच कामा नये हा हट्ट कशाला? एकाचा भर पुरावा तपासण्यावर, दुसऱ्याचा ‘हे असंच झालं पाहिजे’ या मागणीला थेट आव्हान देण्यावर. स्वयंचलित विचार, स्कीमा (मनात खोल रुजलेल्या धारणा), सॉक्रेटिक प्रश्न (प्रश्न विचारत क्लायंटलाच उत्तरापर्यंत नेणं) बेकच्या खात्यात. एबीसी (घटना, तिच्याबद्दलची धारणा, परिणाम) आणि त्यापुढचा डिस्प्युटिंगचा, म्हणजे धारणेला आव्हान देण्याचा, डी एलिसच्या.

व्यक्तिकेंद्रित पद्धतीचा रॉजर्स आणि गेस्टाल्ट पद्धतीचा पर्ल्स यांचंही तसंच. दोघंही मानवतावादी, दोघांचंही लक्ष आत्ताच्या अनुभवावर. पण रॉजर्स दिशा देत नाही. समानुभूती, विनाअट स्वीकार आणि समुपदेशकाचा खरेपणा यांतून क्लायंट स्वतःच पुढे सरकतो, असा त्याचा विश्वास. पर्ल्स मात्र सत्रातच प्रयोग करायला लावतो, समोरच्या रिकाम्या खुर्चीत कुणी बसलंय असं समजून तिच्याशी बोलायला सांगतो.

कुटुंबोपचारात सगळ्यात जास्त घोळ बोवेन आणि मिनुचिन यांचा होतो. प्रश्नात पिढ्या, जेनोग्राम (पिढ्यांमधली नाती दाखवणारा आराखडा) किंवा ‘भावनिक वेगळेपण’ दिसलं तर बोवेन. सीमारेषा, उपव्यवस्था (आईवडील, भावंडं असे कुटुंबातले गट), अतिगुंतलेलं किंवा तुटक कुटुंब, समुपदेशकाने आधी कुटुंबात मिसळून जाणं दिसलं तर मिनुचिन. आणखी एक सापळा विरोधाभासी सूचनेचा. लक्षण मुद्दाम वाढव, असं सांगणं लोगोथेरपी मांडणाऱ्या फ्रँकलकडेही आहे आणि हेलीच्या स्ट्रॅटेजिक उपचारातही. निर्णय हेतूवरून करावा: भीतीपासून अंतर घेऊन तिच्यावर हसता यावं यासाठी असेल तर फ्रँकल, कुटुंबातल्या सत्तेचा खेळ मोडायला असेल तर हेली. नकारात्मक प्रबलन (नकोशी गोष्ट काढून घेणं) आणि शिक्षा ही जोडीसुद्धा विसरू नये. पहिल्याने वर्तन वाढतं, दुसऱ्याने कमी होतं. इतकं सोपं असूनही घाईत चुकतं.

तिसरा रस्ता केसचा. अमेरिकेतल्या एनसीईसारख्या (नॅशनल कौन्सेलर एक्झामिनेशन) परीक्षेत 200 बहुपर्यायी प्रश्न येतात, त्यांपैकी 160 चेच गुण धरले जातात. तिथे जोड्या चांगल्या उपयोगी पडतात. तिथलीच एनसीएमएचसीई ही मानसिक आरोग्य समुपदेशनाची परीक्षा मात्र पूर्ण केसवर चालते. अशा परीक्षेत कुणाचा सिद्धांत आहे यापेक्षा ‘आधी काय कराल’ हे जास्त विचारतात. क्लायंटच्या बोलण्यात जीव देण्याचा सूर असेल, तर सोल्यूशन फोकस्ड पद्धतीतला चमत्काराचा प्रश्न (‘रातोरात अडचण सुटली तर काय वेगळं दिसेल?’) कितीही चपखल वाटला तरी उत्तर धोक्याचं मूल्यमापन हेच. संमती, मूल्यमापन आणि सुरक्षितता यांचा क्रम आधी, तंत्र नंतर. ही सवय नुसत्या वाचनाने लागत नाही, केस सोडवूनच लागते. पण पायाच कच्चा असताना थेट केसवर उडी मारली, तर प्रत्येक उत्तर अंदाजाने जातं आणि चुकलं ते का चुकलं हेही कळत नाही.

तेव्हा पाया विसरला असेल तर आधी एकेका पानाची झटपट फेरी आणि मग जोड्या; पाया शाबूत असेल तर थेट जोड्या; परीक्षा केसवर असेल तर जोड्या लवकर आटपून उरलेला वेळ केसना.

काही भाग मात्र यातल्या कुठल्याच पद्धतीत बसत नाही. एरिक्सनचे मनोसामाजिक विकासाचे आठ टप्पे, कोलबर्गचे नैतिक विकासाचे तीन स्तर, करिअर निवडीसाठीचे हॉलंडचे सहा व्यक्तिमत्त्व प्रकार, गटाच्या वाटचालीचे टकमनने 1965 मध्ये मांडलेले चार टप्पे आणि 1977 मध्ये जोडलेला पाचवा: यांना समजून घेण्यासारखं थोडंच आहे, पाठच करावं लागतं. त्यांना रोजची दहा मिनिटं द्यावीत आणि मुख्य वेळेला हात लावू नये.