तीन फेजच्या मोटरची सहा फेजची मोटर: एका रिवाइंडिंग सेवेचा अनुभव

आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या ड्राइव्ह (मोटर-नियंत्रण) प्रयोगशाळेला सहा फेजची, म्हणजे तीन फेजच्या वाइंडिंगचे (तारांच्या वेटोळ्यांचे) दोन स्वतंत्र संच असलेली इंडक्शन मोटर हवी होती. ब्रिटिश नौदलाच्या टाइप 45 विनाशिकांत प्रत्येकी 20 मेगावॅटच्या, 15 फेजच्या दोन मोटरी बसवलेल्या आहेत; पण 3 अश्वशक्तीची सहा फेजची मोटर दुकानात मागायला गेलो, तर दुकानदार आपल्याकडेच संशयाने पाहतो. म्हणून सांगलीजवळच्या औद्योगिक वसाहतीतील एका रिवाइंडिंग (मोटरीतील तारा नव्याने गुंडाळणाऱ्या) कारखान्याकडे आम्ही हे काम सोपवले. पुढे एक तक्रारही मांडायची असल्याने कारखान्याचे नाव येथे देत नाही.

पहिली चूक मात्र आमची होती आणि ती त्यांच्या मिस्त्रींनी पकडली. आम्ही 36 स्लॉटची (तारा बसवायच्या खाचांची), चार पोलची (चुंबकीय ध्रुवांची) मोटर घेऊन गेलो होतो. दोन संचांमध्ये 30 विद्युत अंशांचे (ध्रुवांची एक जोडी म्हणजे 360 अंश) अंतर हवे, असे सांगताच त्यांनी खडूने फरशीवर हिशेब मांडला: या मोटरीत एका स्लॉटमागे 20 अंश पडतात, त्यामुळे 30 अंश कुठल्याच स्लॉटवर येणार नाहीत. “सर, ही बॉडी तुमच्या कामाची नाही, सहा पोलची आणा,” असे त्यांनी सांगितले. सहा पोलच्या मोटरीत तेच 36 स्लॉट असले, तरी प्रत्येक स्लॉट बरोबर 30 अंशांचा होतो.

दुसरा मुद्दा त्याहून बारीक होता. सहा पोलच्या मोटरीतील मूळ वाइंडिंगमध्ये प्रत्येक फेजच्या गटात दोन कॉइल होत्या, तेव्हा एक कॉइल पहिल्या संचाला आणि दुसरी दुसऱ्या संचाला देऊन नुसती टोके वेगळी काढली की काम झाले, असे आम्ही धरून चाललो होतो. मोटर उघडल्यावर दिसले की कॉइल एकात एक बसवलेल्या आहेत, म्हणजे बाहेरची स्लॉट 1 ते 8 आणि आतली 2 ते 7. दोन्हींचा मध्य एकच असल्याने त्यांच्यात अंशाचाही फरक पडत नाही. अखेर सर्व कॉइल 1 ते 7 अशा समान पिचने (रुंदीने) नव्याने भराव्या लागल्या. प्रत्येक संचाला निम्म्याच कॉइल आल्या आणि टर्न (वेढे) व तारेचा गेज (जाडी) तोच ठेवला, त्यामुळे प्रत्येक संच आता सुमारे 215 व्होल्टचा झाला आहे, आणि वितरण गुणांक (वेगवेगळ्या स्लॉटांतील कॉइलचे व्होल्टेज किती पूर्णपणे जुळते याचे माप) 0.966 वरून 1 झाला आहे. दोन संच दोन वेगळ्या इन्व्हर्टरवर (डीसीपासून हवा तसा एसी बनवणाऱ्या यंत्रांवर) चालणार, हे ओळखून त्यांनी स्लॉटबाहेर जिथे संचांच्या कॉइल एकमेकींवर येतात तिथे न सांगता जादा कागद घातला. या एका गोष्टीसाठी मी त्यांना पूर्ण गुण देईन. मजुरी साध्या रिवाइंडिंगच्या दीडपट पडली, आणि ती मला रास्त वाटली.

तक्रार आहे ती टर्मिनल बॉक्समधल्या चिठ्ठ्यांची. बारा टोके बाहेर काढल्यावर चिठ्ठ्या बिनचूक हव्यात, यावर दुमत नसावे. आम्ही डिमरस्टॅटवरून (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरून) पहिल्या संचाला कमी दाबाने 50 हर्ट्झचा पुरवठा दिला, मोटर रिकामी फिरवली आणि उघड्या ठेवलेल्या दुसऱ्या संचातील व्होल्टेज ऑसिलोस्कोपवर पाहिले. दोन्ही संचांच्या पहिल्या फेजांत 1.67 मिलिसेकंदांचे, म्हणजे 30 अंशांचे अंतर मिळाले आणि आम्ही निश्चिंत झालो. दुसऱ्या फेजांत मात्र 8.33 मिलिसेकंद दिसले. दुसऱ्या संचातील दोन फेजांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. तसेच सुरू केले असते, तर दोन संचांची चुंबकीय क्षेत्रे उलट दिशांनी फिरून प्रवाह भलताच वाढला असता. फोन केल्यावर चूक त्यांनी लगेच मान्य केली, पण मोटर पाठवण्यापूर्वी ही दहा मिनिटांची चाचणी व्हायला हवी होती.

आता शक्तीच्या वाटपाविषयी. बाजारातील दोन तयार ड्राइव्ह दोन संचांना जोडून भागणार नाही, कारण कोणत्या संचाने किती भार उचलायचा यावर मग आपला ताबा राहत नाही. आम्ही दोन्ही इन्व्हर्टर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एकाच एफ 28379 डी नियंत्रकावरून चालवले. दोन्ही संचांचे न्यूट्रल (तिन्ही फेज जिथे एकत्र जोडतात ते बिंदू) वेगळे असल्याने प्रत्येक संचातील तीन प्रवाहांची बेरीज शून्य होते, म्हणून सहापैकी चारच प्रवाह मोजावे लागतात. 70:30 असे वाटप केल्यावरही टॉर्क तोच राहिला. मात्र एकूण प्रवाह तेवढाच ठेवून असे केल्यास स्टेटरमधील तांब्याचा व्यय समान वाटपाच्या 1.16 पट होतो, हे विद्यार्थ्यांना आधी कागदावर काढायला लावले.

खरी मजा एका संचाला मोटर आणि दुसऱ्याला जनित्र म्हणून चालवण्यात आहे, कारण त्यामुळे शाफ्टवर भार न लावताही वाइंडिंगमधून पूर्ण प्रवाह जातो. पहिल्या प्रयत्नात दोन इन्व्हर्टरचे डीसी बस (त्यांना शक्ती पुरवणाऱ्या डीसी वाहिन्या) वेगळे होते. परत आलेल्या शक्तीला वाट न मिळाल्याने दुसऱ्या बसचे व्होल्टेज चढत गेले आणि ड्राइव्ह ट्रिप झाला. दोन्ही बस एकत्र जोडल्यावर पुरवठ्यातून केवळ व्ययापुरतीच शक्ती घेतली जाऊ लागली, आणि नव्या वाइंडिंगची तापमान चाचणी भारयंत्राशिवाय पार पडली. अर्थात, रोटरला दोन्ही संचांची केवळ बेरीजच जाणवत असल्याने त्याच्या सळ्या या चाचणीत पूर्ण भाराइतक्या तापत नाहीत. तेव्हा हिला संपूर्ण चाचणी म्हणता येणार नाही.

प्रवाहात 250 आणि 350 हर्ट्झचे घटक डोळ्यांत भरण्याइतके आढळले. त्याचा दोष वाइंडिंगवाल्यांकडे जात नाही. या रचनेत पाचवी आणि सातवी हार्मोनिक्स (मूळ 50 हर्ट्झच्या पाचपट आणि सातपट वारंवारतेचे हेच घटक) टॉर्कमध्ये उतरत नाहीत, पण त्यांना अडवायला स्टेटरच्या गळतीखेरीज काहीच नसते. हे घटक ज्यातून येतात त्या इन्व्हर्टरच्या डेड टाइमची (दोन स्विच एकदम चालू होऊ नयेत म्हणून मध्ये सोडलेल्या क्षणाची) भरपाई नीट करणे हे आमचे काम आहे.

पहिल्या दिवशी नाकारलेली चार पोलची मोटर अजून त्यांच्याच रॅकवर आहे. नऊ फेजच्या मोटरीत तीन संचांमध्ये नेमके 20 अंशांचे अंतर लागते, म्हणून तिचेही काम आम्ही त्यांनाच दिले आहे. फक्त या वेळी अठरा टोकांच्या चिठ्ठ्या आमच्यासमोर बांधायच्या, असे ठरले आहे.