एचओ मालधक्का आणि चाळीस फुटी वाघिणी: काही महिने वापरल्यानंतर

मॉडेल रेल्वेचा संच जोडून हातावेगळा केल्या केल्या लिहिलेली परीक्षणं भरपूर सापडतात. पेटीतून काय निघालं, भाग एकमेकांत किती नेटके बसले, डिकॅल, म्हणजे चिकटवायची अक्षरं आणि खुणा, कसे उतरले, एवढं त्यातून कळतं. मला पुढचं हवं होतं. वाघीण, म्हणजे मालगाडीचा डबा, रोज रुळावर धावायला लागली, दहा वेळा उचलून ठेवली गेली, हवा कोरडी झाली, पुन्हा दमट झाली, की काय टिकतं आणि काय गळून पडतं? ते फारसं कोणी लिहीत नाही, म्हणून हा खटाटोप.

माझ्याकडचा माल असा: लेझरने कापलेल्या लाकडाची मालधक्क्याची इमारत, स्टायरीन या प्लास्टिकच्या संचांतून जोडलेल्या अमेरिकी धाटणीच्या चाळीस फुटी बंद वाघिणी, आणि एक साच्यात ओतलेल्या रेझिनची वाघीण. सगळं एचओ मापाचं, म्हणजे खऱ्याच्या १:८७ आकाराचं. काळ १९५५ च्या आसपासचा धरलाय.

काळ आधी ठरवा आणि मग संच घ्या, हे पहिलं सांगणं. पुलमन-स्टँडर्ड या वाघिणी बांधणाऱ्या कंपनीची पीएस-१ वाघीण १९४७ मध्ये आली, त्यामुळे ती माझ्या यार्डात सहज खपते. तिच्या छपरावर माणसांनी चालायची फळी, म्हणजे चालपट्टी, हवीच. चालपट्टीविना नव्या बंद वाघिणी बांधायची रीत १९६६ नंतरची. जुने के पद्धतीचे ब्रेक असलेल्या वाघिणींना १९५३ नंतर दुसऱ्या कंपन्यांच्या मार्गावर घेत नसत, म्हणून माझ्याकडे सगळीकडे त्यानंतरचे एबी ब्रेक. एका डिकॅलच्या पानावर वाघीण यंत्राने ओळखण्यासाठीची रंगीत पट्ट्यांची कारट्रॅक खूणही होती. ती पद्धत १९६७ ते १९७७ एवढीच चालली, तेव्हा ती कापून बाजूला ठेवली. अंगावरच्या तारखांकडेही बघा. बांधणीची तारीख कायम राहते, पण त्या काळी रिकाम्या वाघिणीचं वजन ठरावीक मुदतीने पुन्हा करून तिथे नवं ठिकाण आणि नवी तारीख मारत. त्यासाठी जुना मजकूर झाकणारा ताज्या रंगाचा छोटा चौकोन मारलेला असे आणि मळलेल्या वाघिणीवर तो उठून दिसे. मला विचाराल तर सगळ्या धूळ-गंजाच्या कामात हा चौकोन सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक. पाच मिनिटांचं काम, आणि वाघीण एकदम खरी वाटायला लागते.

आता दांड्या. एचओमध्ये साडेतीन मिलिमीटर म्हणजे एक फूट. वाघिणीवर चढताना धरायची लोखंडी दांडी पाऊण इंच जाडीची धरली तर आपल्या मापात ती ०.२२ मिलिमीटर भरते. तयार वाकवून मिळते ती तार साधारण ०.३ ची, आणि अंगासोबतच साच्यातून आलेली प्लास्टिकची दांडी अर्ध्या मिलिमीटरच्या घरात. अर्धा मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षात पावणेदोन इंच. दांडी कसली, पाण्याचा नळच तो. म्हणून स्वस्त संचांतल्या अंगच्या दांड्या सपाट पात्याने खरवडून काढायच्या, ०.३५ च्या ड्रिलने हाताने भोकं पाडायची, तारेचे दोन्ही पाय आत घालून मागच्या बाजूने सुपरग्लूचा थेंब द्यायचा. दांडी आणि भिंत यांत सगळीकडे सारखं अंतर राहावं म्हणून तारेखाली जाड कागदाची पट्टी सरकवून ठेवायची आणि गोंद धरला की ओढून घ्यायची. हे काम चिकाटीचं आहे आणि खरं सांगायचं तर शेवटच्या दहा दांड्या लावताना कंटाळा येतो.

पण टिकाऊपणाचा निकाल इथे स्पष्ट आहे. आतून चिकटवलेली तारेची एकही दांडी आजवर निघालेली नाही. तुटल्या त्या कोपऱ्याखालच्या पायऱ्या. संचातल्या प्लास्टिकच्या, सुरेख बारीक, अगदी मापातल्या. वाघीण रुळावर ठेवताना बोटं नेमकी तिथेच जातात आणि एक एक करत त्या गेल्या. आता सगळीकडे पितळी पट्टी वाकवून केलेल्या पायऱ्या आहेत, आत वाकवलेलं टोक तळाला चिकटवलेलं. किंचित जाड दिसतात, चालेल. दुसरी तक्रार डेलरिनसारख्या मऊ, मेणचट प्लास्टिकच्या चालपट्ट्या आणि शिड्यांची. त्या तुटत नाहीत हे खरं, पण त्यांच्यावर ना रंग धरतो ना गोंद. काही महिन्यांत कडांचा रंग उडून खालचं प्लास्टिक चमकायला लागलं.

तळाखालचं ब्रेकचं जाळं किती करायचं, यावर माझं मत बदललंय. पहिल्या वाघिणीला सिलिंडर, हवेची टाकी, व्हॉल्व्ह, सगळे दांडे, तरफा, नळ्या, साखळीसुद्धा लावली. रुळावर उभ्या वाघिणीत यातलं दिसतं काय? बाजूने बघताना मधल्या आडव्या तुळईखाली डोकावणारे तीन मोठे भाग आणि मुख्य नळीचा एखादा तुकडा. बाकी सगळं वाघीण उलटी केली तरच. शिवाय बोगीच्या, म्हणजे तळाखालच्या चाकांच्या फिरत्या सांगाड्याच्या, जवळून गेलेली तार घट्ट वळणावर चाकाला घासते आणि वाघीण रुळावरून उतरते. कारण शोधताना आधी रुळाला दोष दिला जातो. आता मी तीन मोठे भाग, मुख्य नळी आणि मधल्या भागातले दांडे एवढ्यावर थांबते, आणि बोगी पूर्ण वळवून बघितल्याशिवाय तार चिकटवत नाही. ज्यांना प्रदर्शनात आरशावर ठेवायची आहे त्यांनी जरूर सगळं करावं.

चालण्याचं म्हणाल तर तिथे तीनच गोष्टी बघायच्या, आणि संचासोबत तिन्ही क्वचितच धड येतात.

वजन. एनएमआरए ही अमेरिकेतली मॉडेल रेल्वेवाल्यांची संघटना १९३५ पासून आहे आणि तिची शिफारस आजही कामाची आहे: एचओ वाघिणीला मुळात एक औंस आणि लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. चाळीस फुटी बंद वाघीण साधारण साडेपाच इंच, म्हणजे पावणेचार औंस, सुमारे १०६ ग्रॅम. संचातली लोखंडी पट्टी घालूनही माझ्या वाघिणी त्याच्या खालीच भरल्या. लांब गाडी मागे ढकलताना हलकी वाघीण मधूनच उचलली जाते, तेव्हा छप्पर चिकटवण्याआधी वजनकाटा काढा. वजन जमेल तितकं तळाशी आणि दोन्ही टोकांना सारखं. शिशाचे छर्रे पांढऱ्या गोंदात मात्र बसवू नका. बंद जागेत शिसं हळूहळू गंजून फुगतं आणि भिंती बाहेर ढकलतं.

चाकं. प्लास्टिकची चाकं रुळावरची काळी घाण गोळा करून पुन्हा सगळीकडे फासत फिरतात. धातूची बसवल्यापासून रूळ पुसण्याचं काम निम्म्याहून कमी झालंय. चाळीस फुटी वाघिणीला तेहेतीस इंची चाक लागतं, मॉडेलमध्ये ९.६ मिलिमीटर. रुंदीत दोन पर्याय आहेत: नेहमीचं ११० म्हणजे २.८ मिलिमीटर, आणि ८८ म्हणजे सव्वादोन. मागून बघताना ८८ फारच देखणं दिसतं, पण सांध्याची, म्हणजे गाडीचा मार्ग बदलणाऱ्या रुळांच्या जोडाची, फट सैल असेल तर तिथे ते डुचकळतं. माझे काही सांधे जुने आहेत, म्हणून रोजच्या वाघिणींना ११० आणि फोटोसाठीच्या दोघींना ८८. बोगीचे स्क्रू आवळतानाही एक पथ्य आहे: एक बोगी वळेल पण डुलणार नाही इतपत घट्ट, दुसरी मोकळी डुलू द्यायची. दोन्ही घट्ट केल्या तर वर-खाली असलेल्या रुळावर एक चाक हवेत राहतं. दोन्ही सैल सोडल्या तर वाघीण झोकांड्या खात जाते.

कपलर, म्हणजे दोन वाघिणी जोडणारी कडी. इथे कंजुषी नको. संचांतून आलेल्या प्लास्टिकच्या कपलरमधली स्प्रिंग प्लास्टिकचीच होती. काही महिन्यांत ती मरगळली, कपलरचं पकडणारं बोट उघडंच राहायला लागलं आणि चढावर गाडी तुटू लागली. सगळीकडे केडी या कंपनीचे धातूचे बसवले आणि प्रश्न मिटला. त्यांची उंची तपासायचं मापही त्यांच्याकडेच मिळतं, ते घ्याच. रुळाच्या माथ्यापासून कपलरचा मध्य सुमारे ९.९ मिलिमीटरवर यायला हवा. कमी भरलं तर बोगी आणि तळ यांच्यामध्ये पातळ वॉशर. कपलरखाली लोंबणारी वाकडी दांडी सांध्यात अडकत नाही ना, तेही त्याच मापाने कळतं. वंगण म्हणून तेल नको, ग्राफाइटची पूड पुरे.

इमारतीचा अनुभव वेगळा. तिला कोणी उचलत नाही, तिला छळते ती हवा. लेझरने कापलेल्या भिंती जेमतेम दीड मिलिमीटर जाड. संचाच्या कागदावर बाहेरून रंगवून जोडायला सांगितलं होतं. मी भिंती आतून-बाहेरून दोन्हीकडे रंगवल्या, मग रेषांच्या आडव्या दिशेने आत लाकडी पट्ट्या मारल्या, आणि त्या आजही सरळ आहेत. धक्क्यावरच्या लांब छपराच्या खालच्या अंगाला मात्र फळ्यांचा नैसर्गिक राखाडी रंग हवा होता, म्हणून तिथे नुसता शाई आणि अल्कोहोलचा हात दिला होता. दमट हवेत त्या छपराची कड धनुष्यासारखी उचलली गेली. आता खालून बारीक लाकडी तुळई मारून ती खेचून धरली आहे.

संचातल्या मागे चिकट असलेल्या भागांवर विसंबू नका, हे ठळकपणे सांगायला हवं. खिडक्यांच्या चौकटी आणि छपराचे शिंगल, म्हणजे कौलांसारखे चपटे तुकडे, असे सोलून लावायचे होते. काम झटपट होतं, पहिल्या दिवशी दिसतंही छान. नंतर टोकं सुटतात. चौकटींना मागून गोंदाचं बोट फिरवून सगळ्या पुन्हा दाबाव्या लागल्या. शिंगल सरळ काढून टाकले आणि डांबरी कागदाचं छप्पर केलं: पातळ कागदाच्या साडेदहा मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या, म्हणजे खऱ्या तीन फुटी गुंडाळीचं माप, खालून वर एकमेकींवर थोड्या चढवत. प्रत्येक पट्टीला काळ्या-करड्याची जरा वेगळी छटा दिली. संचातल्या छपरापेक्षा हे कैक पटींनी सरस दिसतं. तावदानांना सुपरग्लू लावायचा मोह टाळा. त्याची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर पांढरं धुकं धरते. पांढरा गोंद पुरेसा आहे.

धक्क्याची उंची वाघिणीच्या तळाशी जुळायला हवी, खऱ्यात साडेतीन-चार फूट, आपल्याकडे १२ ते १४ मिलिमीटर. संचातला धक्का नुसत्या पायांवर मोजला तर बरोबर होता, पण रूळ कॉर्कवर उचललेले असतात हे त्यात धरलेलं नव्हतं. इमारतीखाली तेवढाच थर द्यावा लागला. धक्का आणि रूळ यांतलं अंतर एनएमआरएच्या पत्र्याच्या गेजने तपासून घ्या, आणि धक्का वळणावर असेल तर तुमच्याकडची सर्वांत लांब वाघीण एकदा हाताने ढकलून न्या. आत दिवे लावणार असाल तर भिंती आतून काळ्या करा, नाहीतर कोपऱ्यांच्या फटीच नव्हे, अख्खी भिंत उजळते. आणि इमारत जमिनीवर नुसती ठेवू नका. पाया थोडा खाली रुतवून कडेने माती-खडी घातली की ती तिथलीच होते. या एका गोष्टीने जेवढा फरक पडतो तेवढा खिडक्यांतल्या पडद्यांनी पडत नाही.

रंगाबद्दल थोडक्यात. धुळीची पूड मॅट लाखेखाली निम्मी नाहीशी होते, आणि लाख न मारता ठेवली तर प्रत्येक उचलण्याबरोबर बोटांचे ठसे उमटतात. मी आता पूड गरजेपेक्षा गडद लावून लाख मारते. मॅट लाखेवर अल्कोहोलचा वॉश दिला तर पांढरट छाया येते. उन्हाने विटलेल्या छपरासाठी ती मुद्दाम आणण्यासारखी आहे, इतरत्र लाखेचा आणखी एक हात दिला की जाते.

राहिली रेझिनची वाघीण. स्टायरीनमध्ये कोणीच काढत नाही अशी दुर्मीळ वाघीण हवी असेल तर हाच रस्ता. रिव्हेटांची धार बघण्यासारखी असते. भाग आधी साबणाच्या पाण्याने धुवावे लागतात, कारण साच्यातला तेलकट थर राहिला तर रंग सुटतो. घासताना मास्क हवाच. प्लास्टिकचा सिमेंट त्यावर चालत नाही, सगळं सुपरग्लूवर, आणि तो जोड आघाताने तटकन सुटतो. माझी वाघीण सुट्या सपाट भिंतींची होती. चारही कोपरे काटकोनात आणताना जीव मेटाकुटीला आला, आणि एक कोपरा नंतर दोनदा उघडला. दुसरी घेतलीच तर अंग एका तुकड्यात ओतलेला संच बघेन. रोज धावणाऱ्या गाडीत मात्र ती लावणार नाही. आणि कोणी पहिलाच संच म्हणून रेझिन घेत असेल, तर त्याने आधी एक स्वस्त स्टायरीनची वाघीण आणि धातूच्या चाकांचं पाकीट घ्यावं.