कृपा आणि अधिकार : अमेरिकेतील ख्रिस्ती पंथांवरील कोल्हापुरातला अभ्यासवर्ग

अमेरिकेतील ख्रिस्ती पंथांचा इतिहास आणि त्यांचा धर्मविचार या विषयावर मराठीतून सलग व्याख्याने ऐकायला मिळणे दुर्मीळच. न्यू शाहूपुरीत शनिवारी संध्याकाळी भरणारा हा वर्ग इतिहासाचे एक निवृत्त प्राध्यापक घेतात. शुल्क १२०० रुपये असून प्रत्येक व्याख्यानाचे छापील टिपण त्यातच मिळते. येथे स्थानिक मंडळ्यांचे (म्हणजे चर्चचे) वडील, म्हणजे कारभार पाहणारे ज्येष्ठ, आणि तरुण सभासद येतात, तसेच निव्वळ जिज्ञासेपोटी आलेले बिगरख्रिस्ती श्रोतेही असतात. कोणाच्याही श्रद्धेला धक्का न लावता आणि कोणत्याही पंथाची वकिली न करता सर बोलतात, याची नोंद सुरुवातीलाच करायला हवी.

वर्गाचे खरे बळ त्याच्या मांडणीत आहे. पंथांची वंशावळ पाठ करून न घेता सर दोन प्रश्न धरून चालतात : माणसाचे तारण, म्हणजे पापातून सुटका, कोणाच्या हाती, आणि मंडळीत अखेरचा शब्द कोणाचा? दुसऱ्या प्रश्नाची उत्तरे पहिल्याच व्याख्यानात स्पष्ट होतात. काँग्रिगेशनल पद्धतीत प्रत्येक स्थानिक मंडळी स्वायत्त असते, प्रेस्बिटेरियन पद्धतीत निवडलेले वडील आणि पाळक (धर्मगुरू) मिळून प्रेस्बिटरी व सिनॉड या अनेक मंडळ्यांच्या सामाईक सभांमार्फत कारभार पाहतात, तर एपिस्कोपल आणि मेथडिस्ट मंडळ्यांत बिशपाचे पद असते. १७०६ साली फिलाडेल्फियात स्थापन झालेली पहिली प्रेस्बिटरी आणि १७८४ साली बाल्टिमोरच्या परिषदेत आकाराला आलेली मेथडिस्ट मंडळी यांतील फरक त्यानंतर वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

पहिल्या प्रश्नावरची व्याख्याने मला सर्वांत मोलाची वाटली. सतराव्या शतकात इंग्लंडहून मॅसॅच्युसेट्समध्ये आलेल्या प्युरिटन या कडव्या सुधारणावादी पंथीयांची अपेक्षा अशी होती की, पूर्ण सभासद होऊ इच्छिणाऱ्याने स्वतःच्या अंतःकरणातील परिवर्तनाची साक्ष मंडळीपुढे द्यावी. पुढच्या पिढीतील अनेकांना अशी साक्ष देता येईना, आणि मग त्यांच्या मुलांना बाप्तिस्मा द्यावा की नाही, हा पेच उभा राहिला. १६६२ साली त्यावर तडजोड निघाली : मुलांना बाप्तिस्मा मिळेल, मात्र साक्ष न देणाऱ्यांना प्रभुभोजनात, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याच्या विधीत, सहभागी होता येणार नाही. पुढे नॉर्दॅम्प्टनचे पाळक सॉलोमन स्टॉडर्ड यांनी प्रभुभोजनाचे दारही उघडले, आणि त्यांचेच नातू जोनाथन एडवर्ड्स यांनी ते पुन्हा आवळू पाहिले, तेव्हा १७५० मध्ये मंडळीने त्यांना पाळकपदावरून दूर केले. ज्यांच्या प्रवचनांनी त्या भागात मोठी धर्मजागृती घडली, त्याच माणसाला स्वतःच्या मंडळीने घालवावे, यामागची धर्मशास्त्रीय ओढाताण सरांनी कोणालाही खलनायक न ठरवता उलगडली. बालकांचा बाप्तिस्माच अमान्य करणारे बाप्टिस्ट याच पेचाला किती वेगळे उत्तर देतात, हेही त्याच ओघात समजते.

तिथून एकोणिसाव्या शतकातील धर्मप्रचारक चार्ल्स फिनी यांच्यापर्यंतचा प्रवासही असाच नेटका आहे. सोळाव्या शतकातील धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या परंपरेत तारण देवाच्या पूर्वनिवडीवर, म्हणजे त्याने आधीच केलेल्या निवडीवर, अवलंबून असते, तर फिनी यांच्या मते माणूस निर्णय घेऊ शकतो आणि योग्य साधने वापरली तर धर्मजागृती घडवता येते. या मतभेदाची धग प्रेस्बिटेरियनांना लागली आणि १८३७ मध्ये जुन्या व नव्या विचारांचे दोन गट वेगळे झाले.

आणि येथेच कोल्हापूर येते. अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ मध्ये येथे आले ते अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेच्या वतीने. १८१० साली स्थापन झालेल्या या बोर्डात काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन एकत्र काम करत होते. शाळांच्या प्रश्नावरून वायल्डर यांचे बोर्डाशी बिनसले आणि नंतरची काही वर्षे त्यांनी येथे स्वतंत्रपणे काम केले. अमेरिकेत १८६९-७० मध्ये दोन्ही प्रेस्बिटेरियन गट पुन्हा एक झाले आणि १८७० मध्ये कोल्हापूरचे मिशन प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे गेले. वायल्डर मेमोरियल चर्चवरून रोज जाणाऱ्या माणसालाही हा धागा सहसा ठाऊक नसतो. वायल्डर यांचे पुत्र रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरातच जन्मले आणि पुढे अमेरिकेतील विद्यार्थ्यांच्या मिशनरी चळवळीचे एक प्रवर्तक झाले, हे ऐकताना वर्गातील ज्येष्ठ मंडळी सावरून बसली होती.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत, कारण त्या किरकोळ नाहीत. गुलामगिरीवरून १८४४ मध्ये मेथडिस्ट आणि १८४५ मध्ये बाप्टिस्ट कसे दुभंगले, हे सरांनी सविस्तर सांगितले, पण कृष्णवर्णीयांच्या स्वतःच्या मंडळ्यांना मात्र ओझरता स्पर्श केला. गुलाम म्हणून जन्मलेले रिचर्ड ॲलन यांनी १८१६ मध्ये फिलाडेल्फियात आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल मंडळी उभी केली, तेव्हा त्यांचे धर्ममत मेथडिस्टच राहिले होते. वेगळे व्हावे लागले ते एकाच देवघरात मिळालेल्या अपमानास्पद वागणुकीमुळे. कृपा आणि अधिकार या चौकटीची खरी कसोटी येथे लागली असती. जातीचा प्रश्न मंडळीच्या आत आणि बाहेर पाहिलेल्या आपल्या श्रोत्यांना तर हे प्रकरण सर्वांत जवळचे वाटले असते.

पवित्र आत्म्याच्या प्रत्यक्ष अनुभवावर भर देणाऱ्या पेंटेकोस्टल चळवळीबाबतही तसेच झाले. लॉस एंजेलिसमधील अझुसा स्ट्रीटवर विल्यम सीमोर यांच्या नेतृत्वाखाली १९०६ मध्ये झालेली जागृती सांगितली गेली, मात्र त्याच्या आदल्याच वर्षी पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये उसळलेल्या जागृतीचा उल्लेखही आला नाही. याउलट प्युरिटन आणि वारकरी यांची तुलना वारंवार आली, आणि ती मला पटली नाही. दोन्हीकडे सामान्य माणसाची भक्ती आहे हे खरे, परंतु करारबद्ध मंडळी, सभासदत्वाची परीक्षा आणि बहिष्काराचा अधिकार ही प्युरिटनांची अंगे त्या तुलनेत झाकली जातात.

टिपणे स्वच्छ मराठीत आहेत आणि पाळक, वडील, प्रभुभोजन हे मंडळ्यांमध्ये रुळलेले शब्दच त्यांत वापरले आहेत. नकाशा मात्र एकही नाही. व्हर्जिनिया, ऱ्होड आयलंड आणि पेनसिल्व्हेनिया यांची धार्मिक धोरणे वेगवेगळी होती, हे नकाशाशिवाय नवख्या श्रोत्याच्या ध्यानात राहणे कठीण आहे. शेवटची प्रश्नोत्तरेही घाईत उरकली जातात.

बायबलची तोंडओळख नसलेल्यांनी पहिल्या व्याख्यानापूर्वी रोमकरांस पत्राचे आठवे व नववे अध्याय वाचून जावेत, कारण पूर्वनिवडीची बरीचशी चर्चा त्यांच्याभोवतीच फिरते. पुढच्या तुकडीची नोंदणी सुरू आहे आणि मी माझ्या धाकट्या भावाचे नाव त्यात घातले आहे.