तळघरातला अर्धा एचपी ड्रेनेज पंप: अख्खा पावसाळा वापरल्यावर

ठाण्यातल्या आमच्या सोसायटीचं पार्किंग रस्त्याच्या पातळीखाली आहे आणि लिफ्टचा खड्डा त्याहून खाली. पाऊस लागला की भिंतींतून पाणी झिरपतं, उतारावरून वाहत येतं आणि सगळं एका कोपऱ्यातल्या सम्पमध्ये, म्हणजे पाणी गोळा करायच्या खड्ड्यात, जमतं. तिथे मे महिन्यात अर्ध्या एचपीचा सिंगल फेज सबमर्सिबल पंप बसवला, फ्लोट स्विचसकट (पाण्यावर तरंगणारा, पातळीप्रमाणे पंप चालू-बंद करणारा स्विच). जूनपासून सप्टेंबर संपेपर्यंत तो पाण्यातच होता. कंपनीचं नाव देत नाही. या मापाचे पंप कोइम्बतूर, राजकोट, अहमदाबादच्या बऱ्याच कंपन्या करतात, आणि पंप टिकेल की त्रास देईल हे निम्म्याहून जास्त जोडणीवर ठरतं, असं माझं आता ठाम मत आहे.

आधी पाणी किती फेकतो ते. खोक्यावर मिनिटाला २२० लिटर छापलंय. तो आकडा पाणी वर चढवायचंच नसेल तेव्हाचा. आमच्या सम्पपासून पावसाळी गटारापर्यंत उभी चढण पाच मीटर आहे. सम्प एक मीटर बाय एक मीटर, म्हणजे पातळी दहा सेंटिमीटर उतरली की शंभर लिटर गेले. घड्याळ लावून पाहिलं, मिनिटाला साधारण ११० लिटर पडतात. आम्हाला पुरतात. पण विकत घेताना माहितीपत्रकातला हेडचा, म्हणजे किती चढणीला किती पाणी पडतं त्याचा, तक्ता मागून घ्या आणि आपल्या चढणीसमोरचा आकडा वाचा. मोठ्या अक्षरातला आकडा तुमच्या कामाचा नाही.

पाइपच्या बाबतीत प्लंबरशी थोडी हुज्जत झाली. पंपाचं तोंड दीड इंची, आणि तो रेड्युसर लावून एक इंची पाइप न्यायचं म्हणत होता. एवढं पाणी एक इंचातून दहा मीटर ढकलायचं तर घर्षणातच पाचेक मीटर हेड जातं, म्हणजे आमची चढण जवळजवळ दुप्पट झाली असती. शेवटपर्यंत दीड इंचीच ठेवला, एल्बो कमीत कमी. वर एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) लावला, म्हणजे पंप थांबल्यावर पाइपातलं पाणी परत खाली येऊन तेच तेच उपसावं लागत नाही. पंप आणि एनआरव्हीच्या मधल्या पाइपला तीन-चार मिलिमीटरचं भोक मात्र हवंच. हवा अडकली तर पंप नुसता घुमतो आणि पाणी उचलत नाही; त्या भोकातून ती हवा निघून जाते. पंप चालू असताना तिथून चिळकांडी उडते, ती गळती समजून कुणी एमसील लावू नका. एनआरव्हीच्या वर युनियन (फिरवून सुटणारा जोड) टाकून घेतलं, त्यामुळे पंप काढायला पाइप कापावा लागत नाही.

पंप थेट तळावर टेकवला तर गाळ ओढतो. आम्ही खाली सिमेंटचा ब्लॉक ठेवलाय. फ्लोटला चारही बाजूंनी मोकळी जागा हवी. तो भिंतीला किंवा पाइपला अडकला तर पंप एक तर सुरूच होत नाही, नाहीतर बंदच होत नाही. दुसरी गोष्ट जास्त महाग पडते. या पंपाची मोटर भोवतीच्या पाण्यानेच थंड राहते आणि कोरडा चालला की आधी मेकॅनिकल सील (मोटरमध्ये पाणी शिरू न देणारं) जातं. जुलैत वेफर्सची रिकामी पाकिटं वाहत येऊन फ्लोटभोवती गोळा झाली होती. उतारावरच्या नाळीला जाळी बसवल्यापासून तो त्रास गेला.

आता विजेचं, आणि इथे मी कुणाचंही ऐकून घेणार नाही. पंपासाठी वेगळी लाइन, तीन कोरची केबल, चांगलं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच). एमसीबी (जास्त करंट आला की पडणारा स्विच) आहे म्हणून निर्धास्त राहणारे खूप भेटतात. एमसीबी मुख्यतः वायर वाचवतो. माणसाचा जीव घ्यायला काही दशांश अँपिअरही लागत नाहीत, आणि दहा अँपिअरच्या एमसीबीला तेवढ्याचा पत्ताही लागत नाही. आरसीसीबी तेवढी गळती ओळखून ०.३ सेकंदाच्या आत लाइन तोडतो. जुलै २०२४ मध्ये पुण्यात पुलाच्या वाडीत पावसाच्या पाण्यात हातगाडी हलवताना विजेचा धक्का बसून तिघे गेले. पाणी साचलेल्या जागी वीज नेतोय, हे खर्च ठरवताना डोळ्यांसमोर असू द्या.

ऑगस्टमध्ये आमचा आरसीसीबी रात्री ट्रिप झाला आणि परत चढवला की लगेच पडायचा. पाणी वाढत होतं. एका सभासदांनी सुचवलं, "आजची रात्र डायरेक्ट करून टाका, उद्या बघू." म्हणजे आरसीसीबी वगळून थेट जोडा. मी साफ नकार दिला आणि जुना पेट्रोलचा पंप भाड्याने आणून, तळघराबाहेर उघड्यावर ठेवून पाणी काढलं. तळघरात तो कधीच लावू नका, धुराने माणूस मरतो. सकाळी वायरमनने मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावला. सम्पच्या झाकणाच्या लोखंडी फ्रेमवर केबल घासून इन्सुलेशन कापलं गेलं होतं. रात्री डायरेक्ट केलं असतं तर अख्ख्या फ्रेममध्ये करंट उतरला असता आणि वॉचमन रोज त्याच झाकणावरून चालतात. केबलचा तो तुकडा वरच्या बाजूला होता, म्हणून तिथून कापून जोड भिंतीवर, पाणी पोचणार नाही इतक्या उंचीवरच्या बंद बॉक्समध्ये घेतला. पाण्यात टेप मारलेला जोड चालत नाही, कितीही गुंडाळला तरी. फ्रेमच्या कडेला आता रबरी नळीचा तुकडा आहे.

त्या रात्रीनंतर एक खर्च वाढवला: बॅटरीवर चालणारा पाण्याच्या पातळीचा अलार्म, पंपाच्या लाइनशी संबंध नसलेला. पंप बंद पडला तर तो काही बोलत नाही, कुणीतरी ओरडायला हवं.

हाताळायचे नियम वॉचमनच्या खोलीत मराठी-हिंदीत लावलेत. पंपाला किंवा फ्लोटला हात लावण्याआधी प्लग काढून हातात घ्यायचा. पंप थांबलेला दिसतोय एवढ्यावर भागत नाही, फ्लोट हलला की पंप आपोआप सुरू होतो. पंप हँडलला बांधलेल्या नायलॉनच्या दोरीने उचलायचा, केबलने कधीच नाही. केबल ओढली की पंपाच्या आत जिथे ती शिरते तिथलं सील ढिलं होतं आणि पाणी मोटरपर्यंत जातं. आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबायचं.

आमच्या सम्पमध्ये फक्त पावसाचं आणि झिरपलेलं पाणी येतं. सांडपाण्याच्या टाकीत असा पंप अडकला तर काढायला माणूस आत उतरवू नका. तिथल्या हायड्रोजन सल्फाइडचा वास जास्त प्रमाणात असला की नाकाला येईनासाच होतो आणि माणूस उभ्याउभ्या कोसळतो, मागोमाग वाचवायला उतरलेलाही. सेप्टिक टाक्यांत माणूस असा उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे.

पंपाच्या उणिवा दोन. फ्लोटची केबल आखूड आहे, त्यामुळे चालू-बंदच्या पातळ्यांत अंतर कमी पडतं आणि जोराच्या पावसात पंप सारखा चालू-बंद होतो. दुसरी, तळाशी चार बोटं पाणी राहतंच, डास होऊ नयेत म्हणून ते हाताने काढावं लागतं. वीज मात्र फारशी खात नाही, दीड तास सलग चालला तर साधारण एक युनिट.

पाणी उतरल्यावर पंप काढला, प्लग नसताना इंपेलर (पाणी फेकणारं आतलं चाक) हाताने फिरवून पाहिला, सर्व्हिसवाल्याकडून तेल तपासलं. तेल दुधट निघालं असतं तर सीलमधून पाणी आत शिरलंय असं समजायचं. ते स्वच्छ निघालं. आता महिन्यातून एकदा पाण्याने भरलेल्या ड्रममध्ये मिनिटभर चालवतो, म्हणजे सील चिकटून बसत नाही. पंपाला साडेआठ हजार पडले आणि केबल, आरसीसीबी, एनआरव्ही, पाइप, अलार्म मिळून जवळपास तेवढेच. तुमच्या पाण्यात माती-वाळू जास्त असेल तर हा प्रकार घेऊ नका. मोठे कण सोडणारा सीवेज पंप बघा, तो महाग आहे पण त्यात गाळ अडकत नाही.