दहा वर्षांच्या कामानंतर एम.डेस.: पूर्णवेळ की काम सांभाळून ऑनलाइन?

जी.डी. आर्ट ही कलेची पदविका झालीय, दहा-बारा वर्षं हळदीची पाकिटं, बेदाण्याची खोकी, कारखान्यांचे वार्षिक अहवाल करून हात बसलाय आणि आता डिझाइनमधली पदव्युत्तर पदवी, म्हणजे एम.डेस., घ्यावी का, असं मनात घोळतंय, अशांसाठी हे लिहितोय. मी सांगलीत पॅकेजिंगचं काम करतो. आधी काम सांभाळून ऑनलाइन अभ्यासक्रम धरला. तो सोडून पवईला आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात पूर्णवेळ एम.डेस. केलं.

पैशाच्या बाजूनं ऑनलाइन उजवं, यात वाद नाही. मार्केट यार्डातून फोन आला की माणूस हजर राहू शकतो. पूर्णवेळ म्हणजे आयडीसीत दोन वर्षं, अहमदाबादच्या एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अडीच. तेवढ्यात काही व्यापारी दुसरीकडं जातात. माझेही गेले, आणि सगळे परत आले नाहीत. घरात कमावतं माणूस एकच असेल तर हा हिशेब आधी मांडावा.

तरीही ऑनलाइनवरून माझं मन उडालं ते एकाच गोष्टीनं: तिथं काम फक्त पडद्यावर तपासायचे. चंदेरी फिल्मवरचं हळदीचं पाकीट मी पाठवलं. अशा फिल्मवर पिवळ्याखाली पांढऱ्याचा थर नीट बसला नाही तर पिवळा मळकट होतो. आमच्या कामातली खरी डोकेदुखी ती. शेरा आला, ‘रंगसंगती छान, अक्षरं थोडी मोठी करा.’ हे गिऱ्हाईकही सांगतंच. पुढच्या प्रत्येक असाइनमेंटला थोड्याफार फरकानं तेच.

पवईत ज्युरीला, म्हणजे शिक्षकांसमोर काम मांडायच्या परीक्षेत, पाकीट हातात घेतलं गेलं. सरांनी ते फाडून हळद काढायला लावली. खाचेपाशी सरळ फाटलं, पण हळद बोटांना लागली. मग प्रश्न आला, ‘उरलेली हळद घरात कशात ठेवतात?’ इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. गिऱ्हाइकाशी बोलणं छपाईच्या सिलिंडरच्या खर्चापाशीच थांबतं. 2018 ला सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तर त्याचं चिन्हसुद्धा जुन्याच सिलिंडरात कुठं बसतंय का बघा म्हणतात. मला वाटतं, अनुभवी डिझायनरला खरी उणीव भासते ती असं खोदून विचारणाऱ्या माणसाची, आणि गावात राहून ती भरून निघणं अवघड.

देवनागरीचंही तसंच. विंडोजवरचा मंगल फाँट करणारे र. कृ. जोशी आयडीसीत शिकवत. मराठी अक्षराकडं तिथं ज्या बारकाईनं बघायला शिकलो, ते माझ्या रोजच्या कामात उतरलंय.

केवळ पगारवाढीसाठी निघाला असाल तर मात्र जरा थांबा. माझ्या पाहण्यात पुण्यातल्या यूएक्सच्या, म्हणजे अॅप-वेबसाइट वापरायला सोपी करण्याच्या डिझाइनच्या, कंपन्या आधी पोर्टफोलिओ बघतात. कॉलेजात कायम शिकवायचं असेल तर पदव्युत्तर पदवी बहुतेक ठिकाणी लागतेच.

आयडीसीच्या प्रवेशासाठी द्याव्या लागणाऱ्या सीड परीक्षेला वयाची अट नाही, आणि वर्षभराच्या अनुभवासह जी.डी. आर्ट चालतं. अर्ज साधारण ऑक्टोबरात, परीक्षा जानेवारीत. दुसऱ्या भागात हातानं चित्रं काढावी लागतात, त्यामुळं गणपतीपासूनच रोज पेन्सिल धरावी. वर्ग जुलैच्या सुमारास सुरू होतात; तोवर नव्या हळदीची पाकिटं छापून झालेली असतात आणि गिऱ्हाइकांची सोय लावायला वेळ मिळतो.