दोन फुटी रेडीमेड फिश टँक: काच बरी, हूडनं डोकं खाल्लं

दिवा गेला म्हणून लिहायला बसलोय. घरातला नव्हे, टँकच्या हूडमधला, म्हणजे वरच्या झाकणातला. तो गेला आणि पंपही थांबला, कारण या टँकमध्ये दिवा आणि पंप एकाच वायरीवर, एकाच अडॅप्टरवर आहेत. दुकानात नेला तर उत्तर तयार: "एलईडी पट्टी सुटी येत नाही सर, हूडच घालायला पाहिजे बघा." पूर्ण हूड 1,400 रुपये. अख्खा टँक स्टँडसकट 5,200 ला घेतलेला. एका पट्टीसाठी पाव टँकचे पैसे मागायला जीभ कशी उचलते, देव जाणे. वॉरंटी सहा महिन्यांची होती, ती नुकतीच संपलेली.

बाकी टँक कसला ते तुम्ही ओळखलंच असेल: 2 फूट लांब, पुढून वळलेली काच, वर प्लॅस्टिकचं हूड, त्यातच दिवा, पंप आणि स्पंजचा ट्रे. गणपतीच्या आधी आणला, आता उन्हाळा लागलाय.

एका वायरीचं एवढं काय, असं दुकानदारही म्हणाला. ऐका तर. दिवा दिवसाला सहा-आठ तास पुरे, त्याहून जास्त ठेवला की काचेवर शेवाळ. फिल्टर, म्हणजे स्पंजमधून पाणी फिरवणारा पंप, मात्र चोवीस तास चालायला लागतो. माशांच्या घाणीतून अमोनिया सुटतो; स्पंजवर धरलेले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि पुढं नायट्रेट, जे त्या मानानं निरुपद्रवी. या जिवाणूंना वाहतं, हवा असलेलं पाणी लागतं. पंप कित्येक तास बंद राहिला की ते मरायला लागतात. आणि नव्या टँकमध्ये ते बसायलाच चार ते सहा आठवडे जातात. आता सांगा, रात्री बटण बंद करायचं की चालू ठेवायचं? बंद केलं तर स्पंज जातो, चालू ठेवलं तर टँक हिरवा होतो आणि मासेही रात्रभर उजेडात. मी रोज रात्री पट्टीखाली काळा पुठ्ठा सरकवत होतो. बायको म्हणायची, झालं का माशांना पांघरूण घालून? खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'ऊर्जा बचत' छापलंय.

दिवाळीत विचारलं असतं तर सांगितलं असतं, हूड काढून फेका आणि वर साधी काच ठेवा. डिसेंबरात मत बदललं. बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर, रात्री पारा 14 च्या आसपास उतरतो. आमच्या अनगोळच्या घरात हॉल उत्तरेकडचा, पाणी सकाळी 20-21 वर यायचं. झेब्रा माशांना त्याचं काही नाही, ते आपल्याकडच्या ओढ्यानाल्यांतलेच. गप्पी मात्र पंख मिटून कोपऱ्यात बसल्या आणि दोघींच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आले. गारठ्यानं मासा अशक्त झाला की हा रोग उसळतो. 50 वॅटचा हीटर आणला, पाणी हळूहळू तापवलं, औषध घातलं, निभावलं. आणि तेव्हा हूडची किंमत कळली. पाण्यातली बरीच ऊब वाफेवाटे वरून जाते, वर झाकण असलं की हीटर कमी वेळ पेटतो. शिवाय पाल, झुरळ आत पडत नाही, हे आमच्या आईच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं.

पण त्याच हूडला हीटरची वायर बाहेर काढायला खाच नाही! वायर घातली की झाकण बोटभर उचललेलंच. त्या फटीतून एक झेब्रा उडाला, सकाळी सोफ्याखाली सापडला. मग जुनी सुरी गॅसवर तापवून मागच्या कडेला खाच पाडली. पाच मिनिटांचं काम, कारखान्यात का होत नाही कोण जाणे. (पाणी बदलताना हीटरचं बटण आधी बंद करा. तापलेली नळी पाण्याबाहेर आली की तडकते.)

विजेचं गणितही करून ठेवलंय, कारण आमच्याकडं गृहज्योती आहे, कर्नाटक सरकारची फुकट विजेची योजना. 200 युनिटपर्यंत फुकट असं सगळे म्हणतात, पण खरी मर्यादा प्रत्येक घराची वेगळी: 2022-23 मधला तुमचा सरासरी वापर आणि वर साधारण 10 टक्के. पंप आणि दिवा मिळून 10 वॅट धरले तरी महिन्याला सात युनिट. थंडीत हीटर अर्धा वेळ पेटला तर आणखी अठरा. आमची मर्यादा आधीच काठावर, म्हणून दोन महिने वरच्या युनिटांचं बिल भरलं. जास्त नाही, पण फुकटातल्या बिलावर आकडा बघितला की जीवाला लागतंच.

साइजबद्दल थोडक्यात. मला एक फुटाचा पुरे वाटत होता, दुकानात तर वाटीएवढ्या भांड्यात फायटर मासे विकायला ठेवलेले. आता दोन फुटांखाली घेऊ नका म्हणेन. पाणी जितकं कमी तितकं ते लवकर गार होतं आणि लवकर बिघडतं. खोक्यावरच्या आकड्यावर मात्र जाऊ नका. 60 लिटर लिहिलंय, बादलीनं मोजून भरलं तर वाळू आणि वरची मोकळी जागा सोडून 42. निपाणीच्या मावसभावानं काचवाल्याकडून 2 बाय 1 बाय 1 फुटाचा सरळ टँक चिकटवून घेतला, माझ्या निम्म्याहून कमी पैशांत. त्याच्या सपाट काचेवर घासणी सरळ फिरते. माझ्या वळणात शेवाळ बसतं आणि तिथून मासा बघितला तर भोपळ्याएवढा दिसतो.

मासे घेताना पाणी बघा. आमच्या आडाचं पाणी जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं आहे, गप्पी आणि मॉलीला ते मानवतं. निऑन टेट्रा अ‍ॅमेझॉनच्या मऊ पाण्यातला, त्याच्या नादाला मी लागलो नाही. नळाचं पाणी वापरत असाल तर क्लोरीन उडायला ते दिवसभर उघडं ठेवा. आपल्याकडं नळाला रोज पाणी नसतं, ते ड्रममध्ये साठवलेलंच असतं म्हणा.

आता दिव्याचं. 1,400 दिले नाहीत. गल्लीतल्या वायरमननं हूड उघडलं, साधी पट्टी बसवली, दिव्याला आणि पंपाला वेगळ्या वायरी आणि वेगळी बटणं काढली. सामान धरून 300 रुपये. रात्री दिवा बंद, पंप चालू, पुठ्ठा रद्दीत. दुकानदाराला दाखवलं तर म्हणतो, "आता आमची जबाबदारी नाही ओ." आधी कुठं होती?

पाचपैकी तीन स्टार: दोन काचेला आणि स्टँडला, एक हूडच्या उबेला. घ्यायला जाल तेव्हा लिटर नंतर विचारा, आधी हूड उलटं करून वायरी मोजा. एकच निघाली तर वायरमनचे 300 किमतीतून कापून मागा.